कार्डाच्या हिशोबात बेंगळुरू, गुरुग्राम कुठून आलं? घाबरू नका, पण तीन दिवसांच्या आत बोला

मागच्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या गल्लीतले तात्या सोमवारी संध्याकाळी पासबुक घेऊन घरी आले. कांद्याची पट्टी नुकतीच खात्यावर जमा झालेली. त्यातूनच काकूंचं ऑपरेशन मुंबईला करून आणलेलं. सोबत पुतण्या गेला होता. शुक्रवारी परत आले, सोमवारी बँकेत जाऊन पासबुक भरून घेतलं आणि बघतात तर ओळखीची नसलेली पाच नावं.

"तू बातम्या लिहितोस ना, मग हे सांग. मी जन्मात बेंगळुरू बघितलं नाही. तिथं बसून माझे पैसे कोण खातंय?"

पासबुकात ओळी अर्धवट छापल्या जातात. म्हणून पुतण्याला बोलावलं आणि बँकेच्या अ‍ॅपमधून पूर्ण स्टेटमेंट काढलं. पाच रकमा अशा होत्या: १८६ रुपये बेंगळुरू, ३४२ रुपये बेंगळुरू, १४९ रुपये एका अ‍ॅपचे, २७ रुपये १४ पैसे बँकेचा चार्ज, आणि १,९४७ रुपये, पुढं कुठल्यातरी परदेशी गावाचं नाव.

दोन तास बसून एकेक ओळ सोडवली. पाचपैकी चार आपल्याच निघाल्या. पाचवी चोरीची होती. चार आपल्या निघाल्यावर पुतण्या म्हणाला, "तात्या, ती पाचवीपण आपलीच असंल, सोडून द्या." तिथं सोडून दिलं असतं तर पैसे गेलेच असते. शहरात दवाखान्याला, पोरांच्या शिक्षणाला, मालाच्या गाडीबरोबर आपलं जाणं वाढलंय. कार्डही सोबत जातं. म्हणून ही पाच ओळींची उकल सगळ्यांसाठी लिहितोय.

शहराचं नाव म्हणजे व्यवहाराची जागा नव्हे

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. कार्डाच्या स्टेटमेंटवर जे गाव छापलेलं असतं, ते बऱ्याच वेळा कंपनीचं ऑफिस जिथं आहे ते गाव असतं. तुम्ही कुठं उभं राहून पैसे दिले, ते नव्हे. तसंच छापलेलं नाव दुकानाच्या पाटीवरचं नसतं, कंपनी ज्या नावानं नोंदलेली आहे ते असतं.

तात्यांचे १८६ रुपये एएनआय टेक्नॉलॉजीज नावानं गेले होते. ही कंपनी म्हणजे ओला. मुंबईत दवाखान्यापासून नातेवाईकाच्या घरापर्यंत पुतण्यानं रिक्षा बोलावली होती. ३४२ रुपये बंडल टेक्नॉलॉजीज नावावर. ते स्विगीचं, म्हणजे घरपोच जेवण देणाऱ्या कंपनीचं, जुनं नाव. दोन्ही कंपन्या बेंगळुरूच्या. पुतण्याचं यूपीआय त्या दिवशी चालत नव्हतं, म्हणून त्यानं तात्यांच्या कार्डाचा नंबर अ‍ॅपमध्ये टाकला होता. सांगायचं राहून गेलं.

अशी काही नावं लक्षात ठेवा:

- वन ९७ कम्युनिकेशन्स, नोएडा: म्हणजे पेटीएम.
- फॅशनियर टेक्नॉलॉजीज, बेंगळुरू: मीशोचं जुनं नाव. आपल्याकडं साड्या, भांडी मागवणाऱ्यांच्या हिशोबात हे नाव दिसलेलं असेल.
- इटर्नल: म्हणजे झोमॅटो. कंपनीनं २०२५ मध्ये नाव बदललं.
- ब्लिंक कॉमर्स: म्हणजे ब्लिंकिट, शहरात काही मिनिटांत किराणा देणारी.
- आयआरसीटीसी, नवी दिल्ली: रेल्वेचं तिकीट.
- रेझरपे, पेयू, बिलडेस्क, सीसीअव्हेन्यू: ही दुकानं नव्हेत. दुकानदार आणि बँक यांच्या मधून पैसे पुढं पोचवणाऱ्या कंपन्या. महापालिकेचा कर, कॉलेजची फी, क्लासचा हप्ता, काहीही यांच्या नावानं दिसू शकतो.

नाव अनोळखी असलं तर स्टेटमेंटवर दिसतं तसंच ते मोबाईलवर शोधा. कंपनी कशाची आहे ते बहुतेक वेळा लगेच कळतं. पण तिथं सापडलेल्या कस्टमर केअरच्या नंबरवर फोन करू नका. त्याचं कारण पुढं सांगतो.

ओळीच्या सुरुवातीची इंग्रजी अक्षरं काय सांगतात

प्रत्येक बँकेची लिहायची पद्धत थोडी वेगळी असते, पण ही अक्षरं बहुतेक ठिकाणी सारखी असतात.

- पीओएस: दुकानातल्या मशीनवर कार्ड घासलं किंवा टेकवलं.
- ईकॉम: कार्डाचा नंबर टाकून ऑनलाइन पैसे दिले.
- एटीएम किंवा एटीडब्ल्यू: मशीनमधून पैसे काढले. एनएफएस असेल तर बहुधा दुसऱ्या बँकेचं एटीएम.
- यूपीआय: फोनपे, गूगल पे वगैरेवरून गेलेले. हे कार्डाचे नव्हेत.
- एसीएच किंवा एनएसीएच: तुम्ही सही करून किंवा ऑनलाइन परवानगी दिलेला हप्ता. ट्रॅक्टर, मोटारसायकल, बचत गटाचं कर्ज, विमा.
- एसआय: ठरावीक तारखेला आपोआप कापायची सूचना.
- सीएचजी किंवा सीएचआरजी: बँकेनं स्वतः लावलेला चार्ज.

हे कळलं की निम्मं काम झालं. यूपीआयची तक्रार त्या त्या अ‍ॅपमध्येही करता येते, हप्त्याची तक्रार कर्ज देणाऱ्याकडं जाते, आणि कार्डाची तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेकडं.

१४९ रुपये: अ‍ॅपचा महिन्याचा हप्ता

दवाखान्यात वेळ जाईना म्हणून पुतण्यानं पिक्चर बघायचं एक अ‍ॅप "फक्त १ रुपयात" सुरू केलं. पहिले काही दिवस १ रुपया, नंतर दर महिन्याला १४९. कार्ड तात्यांचंच. ही चोरी नाही, पण बंद केली नाही तर वर्षाला १,७८८ रुपये जातात.

अशा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी तुम्हाला मेसेज आला पाहिजे, आणि ही परवानगी तुम्ही कधीही काढून घेऊ शकता. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन या नावाखाली यादी असते. तिथं जाऊन रद्द करा. फक्त मोबाईलवरून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे हप्ता बंद होत नाही. ही चूक लई जण करतात.

२७ रुपये १४ पैसे: शहराच्या एटीएमचा हिशोब

हा चार्ज बघून तात्या सगळ्यात जास्त चिडले. "बँकच खायला लागली तर काय करायचं?"

नियम असा. बचत खात्यावर महिन्याला आपल्या बँकेच्या एटीएमवर पाच व्यवहार मोफत. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर आपल्या भागात पाच मोफत, पण मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत तीनच. दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर नुसतं बॅलन्स बघितलं तरी एक व्यवहार मोजला जातो. मोफतचे संपले की एका व्यवहाराला जास्तीत जास्त २३ रुपये, हा दर १ मे २०२५ पासून आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी. २३ रुपयांवर ४ रुपये १४ पैसे, म्हणजे २७ रुपये १४ पैसे.

तात्यांनी दवाखान्याखालच्या दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून दोनदा पैसे काढले, एकदा बॅलन्स बघितलं, चौथ्यांदा परत पैसे काढले. गावाकडं हेच केलं असतं तर चार्ज लागला नसता. मुंबईत लागला. नियमाप्रमाणे बरोबर आहे, भांडायला जागा नाही.

पण एक लक्षात ठेवा. मशीन बिघडलं, मशीनमध्ये नोटाच नव्हत्या, नेटवर्क गेलं, पिन चुकला, असे फसलेले व्यवहार मोफतच्या पाच-तीनमध्ये मोजायचे नाहीत. मोजले असतील तर बँकेला सांगून परत घेता येतात.

बँकेचे बाकीचे चार्ज: कुठले बरोबर, कुठले विचारायचे

पैशात पॉइंट असलेली विचित्र रक्कम दिसली की तिला १.१८ नं भागून बघा. गोल आकडा आला तर तो बहुतेक बँकेचा चार्ज आणि त्यावरचा जीएसटी असतो. २३६ ला भागलं की २०० येतात, कार्डाचा वर्षाचा चार्ज साधारण असा दिसतो. ५९० ला भागलं की ५०० येतात. मला स्वतःला हा ५९० बसला होता. मोटारसायकलच्या हप्त्याच्या दिवशी खात्यात पैसे कमी होते, हप्ता परत गेला आणि बँकेनं दंड लावला. मी आठ दिवस चोरी समजत होतो.

मे महिन्याच्या शेवटी ४३६ आणि २० रुपये गेले असतील तर ते सहसा विम्याचे. ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, २० म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा. पहिल्यात कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तर दोन लाख, दुसऱ्यात अपघाती मृत्यूला दोन लाख. वर्षाला एकदाच जातात. चोरी समजून हे बंद करू नका. उलट घरच्यांना सांगून ठेवा की हा विमा चालू आहे. मात्र तुम्ही कधी फॉर्मच भरला नसेल, तर फॉर्म दाखवा म्हणून शाखेत मागायचा तुम्हाला हक्क आहे.

कमी शिल्लक ठेवल्याचा दंड लागला असेल तर दोन गोष्टी बघा. जनधन किंवा साधं झिरो बॅलन्सचं खातं असेल तर हा दंड लागतच नाही. आणि दुसऱ्या खात्यांवरही निव्वळ या दंडामुळं शिल्लक शून्याच्या खाली नेता येत नाही.

न मागता क्रेडिट कार्ड आलं आणि त्याचा चार्ज लागला, तर तो चार्ज बँकेनं परत करायचा आणि वर त्याच्या दुप्पट दंड द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. हे शाखेत शांतपणे सांगा. बऱ्याच वेळा तेवढ्यावर काम होतं.

१,९४७ रुपये: खरी चोरी

आता पाचवी ओळ. पुढं परदेशी गावाचं नाव, पुतण्याला काही आठवेना, घरात कुणीच काही मागवलेलं नाही. ओटीपी कुणाला दिला नव्हता, आलाच नव्हता. परदेशी वेबसाइटवर बऱ्याच वेळा ओटीपी न विचारताच कार्डातून पैसे जातात. पुतण्यानं अ‍ॅपमध्ये कार्ड टाकताना कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी, दोन्ही व्यवहार चालू करून ठेवले होते. कार्डाचा नंबर कुठून तरी बाहेर गेला आणि वापरला गेला.

तात्यांच्या मोबाईलवर शनिवारी रात्री बँकेचा मेसेज आला होता. इंग्रजीत होता, वाचला नाही. रविवार सुट्टी. आमच्याकडं आले सोमवारी संध्याकाळी. अजून वेळ हातात होता, पण फार नव्हता.

तीन दिवसांचा नियम

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ ला परिपत्रक काढलं होतं. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. त्यातलं आपल्या कामाचं असं:

- चूक ना तुमची, ना बँकेची, तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले, आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमचं नुकसान शून्य. सगळे पैसे बँकेनं द्यायचे.
- चार ते सात दिवसांत कळवलं तर तुमच्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच भार. झिरो बॅलन्सच्या साध्या खात्याला एका व्यवहारामागं जास्तीत जास्त ५,००० रुपये, नेहमीच्या बचत खात्याला १०,००० रुपये. गेलेली रक्कम त्याहून कमी असेल तर तेवढीच.
- सात दिवसांनंतर कळवलं तर बँकेचं स्वतःचं धोरण लागू. म्हणजे खात्री काही नाही.
- चूक किंवा फसवणूक बँकेच्याच बाजूनं असेल तर तुम्ही कळवलं असो वा नसो, नुकसान बँकेचं.
- ओटीपी, पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून चूक आपली असली तरी लाजू नका, लगेच कळवा.

दिवस मोजताना मेसेज आला तो दिवस धरायचा नाही. तुमच्या शाखेचे कामकाजाचे दिवसच मोजायचे. रविवार, दुसरा आणि चौथा शनिवार सोडून. तात्यांचा सोमवार पहिला, मंगळवार दुसरा, बुधवार शेवटचा.

आमच्याच शिवारातल्या एका भावकीतल्या माणसाचे दोन वर्षांपूर्वी असेच पैसे गेले होते. रक्कम तात्यांपेक्षा बरीच मोठी. तो पासबुक तीन-चार महिन्यांतून एकदा भरायचा. खात्याला जोडलेला मोबाईल नंबर जुना, बंद पडलेला. कळलं तेव्हा अडीच महिने झाले होते. बँकेनं तक्रार घेतली, पण पैसे काही मिळाले नाहीत. कायदा तोच, माणूस तेवढाच खरा. फरक फक्त दिवसांचा.

काय करायचं, कुठल्या क्रमानं

एक. आधी कार्ड बंद करा. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्ड चालू-बंद करायची सोय असते. ती नसेल तर कार्डाच्या मागं छापलेल्या नंबरवर फोन करा. हा फोन रात्रीही लागतो. तक्रार नंबर मागून घ्या आणि वहीत तारीख, वेळ लिहून ठेवा. नुसतं "नोंद घेतली" म्हणाले तर त्यावर थांबू नका, नंबर पाहिजेच.

दोन. चोरी असेल तर १९३० वर फोन करा. हा सायबर गुन्ह्यांचा सरकारी नंबर आहे. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत कळालं तर ते तिथंच गोठवता येतात, म्हणून इथं तासांचा हिशोब आहे.

तीन. दुसऱ्या दिवशी शाखेत लेखी अर्ज द्या. तात्यांसाठी आम्ही लिहिलेला अर्ज असा होता, तुम्ही आपले आकडे घाला:

"मा. शाखाधिकारी साहेब यांस. विषय: माझ्या कार्डावरून माझ्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहाराबाबत. महोदय, माझे आपल्या शाखेत बचत खाते आहे. खाते क्रमांक अमुक, कार्डाचे शेवटचे चार आकडे अमुक. दिनांक अमुक रोजी रुपये १,९४७ चा व्यवहार स्टेटमेंटवर दिसत आहे. हा व्यवहार मी किंवा माझ्या घरातील कोणीही केलेला नाही. ओटीपी, पिन कोणालाही दिलेला नाही. कार्ड माझ्याजवळच आहे. याबाबत फोनवर दिनांक अमुक रोजी तक्रार केली असून तक्रार क्रमांक अमुक आहे. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक संरक्षणाच्या नियमांनुसार रक्कम परत मिळावी, ही विनंती. सोबत स्टेटमेंटची प्रत जोडली आहे."

दोन प्रती करा. एकीवर शाखेचा शिक्का, सही आणि तारीख घेऊन ती स्वतःजवळ ठेवा. पोच नसेल तर अर्ज दिल्याचा पुरावा नाही.

चार. कार्डाचा पूर्ण नंबर, मागचे तीन आकडे, पिन अर्जात लिहू नका. कुणी मागितला तरी देऊ नका.

कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेनं ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते. पूर्ण निकाल ९० दिवसांत लावायचा. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, तुमच्यावर नाही. शाखेत कुणी "तुम्हीच कुठंतरी कार्ड दिलं असेल" म्हणालं तर हे वाक्य आठवा.

क्रेडिट कार्ड असेल तर आणखी एक. तुम्ही फसवणुकीची तक्रार केलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत बँकेला व्याज किंवा दंड लावता येत नाही. बाकीचं बिल मात्र वेळेवर भरा.

चोरी नाही, पण पैसे चुकीचे गेले, तर?

प्रत्येक भांडण चोरीचं नसतं. दुकानात मशीनवर दोनदा पैसे गेले. मागवलेली वस्तू आलीच नाही. रद्द केलेल्या बुकिंगचे पैसे परत आले नाहीत. अशा वेळी आधी त्या दुकानाला किंवा कंपनीला अ‍ॅपमधून लेखी कळवा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. दाद दिली नाही तर आपल्या बँकेत "चार्जबॅक करा" म्हणून अर्ज द्या. मग तुमची बँक दुकानदाराच्या बँकेकडं पैसे परत मागते आणि माल दिल्याचा पुरावा दुकानदाराला द्यावा लागतो. याला मुदत असते, म्हणून महिनोन्महिने वाट बघू नका.

एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून पैसे गेले, तर बँकेनं पाच दिवसांत ते आपणहून परत करायचे. उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. हा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे.

माल घेऊन शहरात जाणाऱ्या पिकअपवाल्यांना आणखी एक त्रास होतो. गाडी दारात उभी आणि फास्टॅगमधून टोल कापला. हा पैसा कार्डातून जात नाही, फास्टॅगच्या खात्यातून जातो. तक्रार फास्टॅग देणाऱ्या बँकेकडं करा. राष्ट्रीय महामार्गाचा टोल असेल तर १०३३ हा नंबर आहे.

बँक ऐकत नसेल तर

लेखी तक्रार देऊन ३० दिवस झाले, उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. वकील लागत नाही, फी नाही. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या वेबसाइटवर तक्रार भरता येते. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. आपल्या भागात लई जणांचं खातं जिल्हा मध्यवर्ती बँकेत आहे. त्या बँकाही १ नोव्हेंबर २०२५ पासून या योजनेत आल्यात. अर्जाची पोच इथं कामाला येते.

तक्रार करताना दुसऱ्यांदा लुटले जाऊ नका

आता कस्टमर केअरच्या नंबरचं सांगतो. पैसे गेल्यावर माणूस घाबरतो आणि मोबाईलवर बँकेचा नंबर शोधतो. चोरांनी तिथं स्वतःचे नंबर टाकून ठेवलेले असतात. ते गोड बोलतात, "रिफंड देतो" म्हणतात, मोबाईलचा स्क्रीन दिसणारं अ‍ॅप घ्यायला लावतात आणि राहिलेलं खातं मोकळं करतात. नंबर फक्त कार्डाच्या मागचा, पासबुकावरचा किंवा बँकेच्या अ‍ॅपमधला. पैसे परत मिळवायला ओटीपी लागत नाही, पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. यातलं काही कुणी सांगितलं की फोन ठेवून द्यायचा.

आज घरी करायची चार कामं

- खात्याला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का ते बघा. नसेल तर या आठवड्यात शाखेत जाऊन बदला. मेसेज आला नाही तर तीन दिवसांची लढाई सुरूच होत नाही.
- कार्डाचे परदेशी व्यवहार बंद ठेवा. ऑनलाइन व्यवहार लागतील तेव्हाच चालू करा. एटीएमची मर्यादा गरजेपुरती ठेवा.
- १ रुपया, २ रुपये असे बारीक व्यवहार सोडून देऊ नका. काही अ‍ॅप कार्ड तपासायला असे कापतात हे खरं. पण चोरही कार्ड चालतंय का बघायला आधी बारीक रक्कम काढतात.
- घरातल्या कुणी तुमचं कार्ड वापरलं तर कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगा. दूध घातल्याची नोंद करतो तशी.

तात्यांनी मंगळवारी सकाळी अर्ज दिला. साहेब आधी "बघू, चौकशी करू" म्हणाले. तात्यांनी पोच मागितली, मिळाली. नवव्या कामकाजाच्या दिवशी १,९४७ रुपये खात्यात आले, आणि चौकशी संपल्यावर ते कायम झाले. पिक्चरच्या अ‍ॅपचा हप्ता पुतण्यानं त्याच रात्री बंद केला. २७ रुपये १४ पैशांबद्दल तात्या अजून कुरकुर करतात.

बँकेचा मेसेज आला की तात्या आता कुणाला तरी दाखवून वाचून घेतात. तुमच्या घरातही एखादे तात्या असतील, ज्यांच्या मोबाईलवर न वाचलेले शंभर मेसेज पडलेत. आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा आणि मागच्या महिन्याचं स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचून दाखवा.